गिल्डचा सभासद : ऑनलाइन खेळसंघांतील सहभागाविषयी प्रस्तावना

अनेक खेळाडूंनी आपापल्या घरी बसून, इंटरनेटच्या साहाय्याने एका सामायिक काल्पनिक जगात एकाच वेळी खेळावयाच्या खेळांमध्ये खेळाडूंचे जे स्थायी संघ तयार होतात त्यांना ‘गिल्ड’ म्हटले जाते. काही खेळांत त्यांनाच ‘क्लॅन’ असे नाव आहे, तर ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडमध्ये तयार झालेल्या अंतराळविषयक खेळात त्यांना ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. नाव कोणतेही असले तरी संघाची रचना बरीचशी सारखी असते. एक प्रमुख, त्याच्या जोडीला काही अधिकारी, सभासदांची यादी, आपसांत बोलण्याची सोय, बहुधा एक सामायिक कोठार, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून हाती घ्यावयाची मोहीम, एवढ्यावर गिल्ड उभी राहते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तिच्या स्थापनेसाठी खेळातले थोडेसे चलन आणि काही खेळाडूंच्या सह्या लागतात. ती सोडून जाण्यासाठी तर एका ओळीची आज्ञा टंकित केली की पुरते. करार नसतो, अनामत नसते, आणि जाणाऱ्याकडून कारण मागण्याचा अधिकारही कोणाला नसतो. असे असूनही एखाद्या गिल्डमध्ये माणसे वर्षानुवर्षे, आठवड्यातून दोन-तीन रात्री, जवळजवळ न चुकता येत राहतात, आणि वरवर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गिल्डमधून ती दोन-चार महिन्यांत पांगतात. हे का घडते आणि गिल्ड चालवणाऱ्यांच्या हातात त्यांपैकी किती असते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

‘ऑनलाइन गेमिंग’ हे शब्द उच्चारले की आज महाराष्ट्रात पुष्कळांना पैसे लावून खेळली जाणारी रमी किंवा क्रिकेटपटूंचे काल्पनिक संघ बनवून लावलेल्या पैजा आठवतात, म्हणून आरंभीच एक सीमा आखणे आवश्यक आहे. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे नियमबद्ध स्पर्धांतून खेळले जाणारे संगणकीय खेळ, आणि पैसा न लावता केवळ करमणुकीसाठी खेळले जाणारे सामाजिक खेळ यांना मान्यता दिली, आणि पैसा लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. या पुस्तकात ज्या संघांचा विचार केला आहे त्यांत पैजेला स्थान नाही. त्यांतील सर्वसाधारण खेळाडूला खेळून काही मिळकत होत नाही, उलट काही खेळांत त्यालाच दरमहा वर्गणी भरावी लागते; त्यामुळे तो का येत राहतो याचे उत्तर पैशात शोधून सापडत नाही.

या विषयात सर्वाधिक गोंधळ होतो तो सभासदसंख्या आणि सहभाग यांची गल्लत केल्यामुळे. गिल्डच्या यादीत दोनशे नावे असू शकतात आणि बुधवारी रात्री नऊ वाजता मोहिमेला त्यांपैकी अकराच जण हजर असू शकतात. अशा वेळी प्रमुखाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे नवी भरती, आणि तो बहुधा चुकीचा ठरतो, कारण नव्याने आलेल्यालाही तीच रिकामी रात्र दिसते आणि तोही पुढच्या आठवड्यात येत नाही. या पुस्तकाची भूमिका अशी आहे की सभासद टिकतो तो जिथे त्याची खरोखर गरज असते, ती गरज त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि तो न आल्यास कोणीतरी त्याची चौकशी करते तिथे. बक्षिसे, पदव्या, अंतर्गत स्पर्धा, वर्धापनदिनाचे सोहळे हे सारे उपयोगी असले तरी ते या गरजेची जागा घेऊ शकत नाहीत.

अशा संघांचा इतिहास फार जुना नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ या परंपरेचा आरंभ मानला जातो. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बाजारात आला. बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: काही जण पराक्रम साधण्यासाठी येतात, काही खेळाचे जग धुंडाळण्यासाठी, काही माणसांच्या सहवासासाठी आणि काही इतरांवर मात करण्यासाठी. ही विभागणी पुढील संशोधकांनी बरीच दुरुस्त केली, परंतु एकाच गिल्डमध्ये एकाच रात्री बसलेल्या माणसांची येण्याची कारणे वेगवेगळी असतात, ही तिच्यातील मूळ जाण आजही उपयोगी आहे. पुढील विवेचनात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा आधार मुख्यतः घेतला आहे, कारण या एका खेळात दोन दशकांच्या काळात निर्मात्यांनी संघाच्या गरजेसंबंधीचे नियम इतक्या वेळा बदलले की सहभागावर कशाचा काय परिणाम होतो हे तिथे जवळजवळ प्रयोगशाळेसारखे पाहता येते.

या खेळातील सामूहिक मोहिमेला ‘रेड’ म्हणतात. रेडमध्ये ‘बॉस’ म्हणून ओळखले जाणारे बलाढ्य शत्रू असतात आणि त्यांना हरवण्यासाठी कामाची वाटणी करावी लागते: ‘टँक’ म्हणवणारा खेळाडू शत्रूचे घाव स्वतःवर घेतो, ‘हीलर’ जखमी साथीदारांचे आयुष्य भरून काढतो आणि उरलेले, म्हणजे ‘डीपीएस’, शत्रूवर मारा करतात. एका आठवड्यात मारलेला बॉस पुढच्या आठवड्यापर्यंत त्या संघासाठी पुन्हा उभा राहत नाही, आणि तो पडल्यावर चिलखत, शस्त्रे अशी जी ‘लूट’ मिळते ती मोजक्याच वस्तूंची असते. खेळाच्या पहिल्या पर्वातील ‘मोल्टन कोअर’ ही रेड चाळीस खेळाडूंसाठी रचलेली होती. चाळीस ही संख्या ऐकायला साधी वाटते, परंतु तिच्यामागचे गणित पाहिले म्हणजे गिल्डप्रमुखाची अडचण कळते. प्रत्येक सभासद सरासरी चारांपैकी तीन रात्री येतो असे धरले, जे नोकरी, अभ्यास आणि संसार सांभाळणाऱ्या माणसांच्या बाबतीत उदार अनुमान आहे, तरी चाळीस जागा भरण्यासाठी यादीत चौपन्न माणसे लागतात. पण ही सरासरी असल्यामुळे एखाद्या रात्री चौतीस येतात आणि मोहीम रद्द होते, तर एखाद्या रात्री शेहेचाळीस येतात आणि सहा जणांना बाहेर बसावे लागते.

बाहेर बसलेल्या या राखीव खेळाडूंना ‘बेंच’वरचे खेळाडू म्हणतात, आणि गिल्डच्या अभ्यासात या सहा जणांकडे जितके लक्ष दिले जावे तितके दिले जात नाही. मोहिमेला न येणारा सभासद गिल्डला हवा असूनही मिळत नाही. बेंचवरचा सभासद मात्र वेळ काढून, जेवण उरकून, ठरल्या वेळी येतो आणि आज आपली गरज नाही असे त्याला सांगितले जाते. असे दोन-तीनदा घडले की तो चौथ्यांदा येत नाही, आणि नेमक्या त्याच रात्री चौतीसच जण जमलेले असतात. ज्या गिल्डांनी बेंचवर बसण्याची पाळी आधी जाहीर केली, ती टँक व अधिकारी यांच्यासह सर्वांवर आणली आणि बाहेर बसलेल्यालाही उपस्थितीचे पूर्ण श्रेय दिले, त्यांनी ही गळती पुष्कळ रोखली. ज्यांनी बेंचचा निर्णय दर रात्री रेड लीडरच्या, म्हणजे मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्याच्या, मर्जीवर सोडला त्यांच्याकडे नेहमी तेच सहा जण बाहेर बसत राहिले.

जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ हा खेळाचा पहिला विस्तार आला, त्यात रेडची संख्या पंचवीसवर आणली गेली, आणि त्या पायरीवर पोहोचण्याआधी ‘काराझान’ ही दहा जणांची रेड ठेवली गेली. संख्या कमी झाली म्हणजे गिल्ड चालवणे सोपे होईल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते, पण संक्रमणाच्या काळात उलटे घडले. चाळीस जणांच्या गिल्डमध्ये आता दहा-दहांचे चार गट पडले, प्रत्येक गटाला स्वतःचा नेता, स्वतःची गती आणि स्वतःची मैत्री लाभली. आणि पुढे पंचवीस जणांची रेड जमवायची वेळ आली तेव्हा दोन गट मिळून वीसच होत असल्यामुळे तिसरा गट मधोमध तोडावा लागला. ज्यांना घेतले ते आपल्या साथीदारांपासून दुरावले, ज्यांना वगळले त्यांनी दुसरी गिल्ड शोधली, आणि पुष्कळ ठिकाणी पुढे गेलेल्या गटाने मागे राहिलेल्यांसाठी थांबण्याऐवजी वेगळे होणे पसंत केले. माणूस गिल्डशी जोडलेला दिसतो तेव्हा तो बहुधा तिच्यातील सात-आठ जणांशीच जोडलेला असतो, ही गोष्ट या बदलाने जितकी उघड केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नाही. निर्मात्यांनी पुढे २००८ मध्ये रेड दहा आणि पंचवीस अशा दोन्ही आकारांत उपलब्ध केल्या, २०१३ मध्ये आलेल्या संख्येनुसार काठिण्य बदलणाऱ्या रेडमुळे दहापासून पंचवीसपर्यंत कितीही जण चालू लागले, आणि हीच पद्धत पुढे इतर स्तरांवरही आली तेव्हा बेंचचा प्रश्न सर्वांत कठीण स्तर वगळता जवळजवळ मिटला.

लुटीच्या वाटपाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाळीस जणांनी चार तास झटून मिळवलेल्या दोन-तीन वस्तू कोणाला द्याव्यात, याचे उत्तर खेळाने दिले नव्हते. ते खेळाडूंनीच शोधले. १९९९ च्या सुमारास ‘एव्हरक्वेस्ट’मधील ‘आफ्टरलाइफ’ या गिल्डमध्ये ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, संक्षेपाने डीकेपी, ही पद्धत आकाराला आली. त्या खेळातील दोन ड्रॅगनांना मारण्याच्या मोहिमांवरून तिला हे नाव मिळाले. मोहिमेला हजर राहिल्याबद्दल सभासदाच्या खात्यात गुण जमा होतात आणि वस्तू घेतली की ते वजा होतात, एवढेच तिचे सूत्र आहे. गुणांना खेळाबाहेर काही किंमत नसते, खेळाच्या प्रणालीतही त्यांची नोंद नसते. गिल्डने ठेवलेल्या वहीत, म्हणजे एखाद्या स्प्रेडशीटमध्ये, ते असतात आणि सर्वांनी मानले म्हणूनच चालतात. तरीही या गुणांनी उपस्थितीला जे स्थैर्य दिले ते अन्य उपायांना देता आले नाही, कारण बेंचवर घालवलेली किंवा एकाच बॉसपुढे वीस वेळा हरण्यात गेलेली रात्रही खात्यात दिसू लागली.

पद्धतीचे दोषही लवकरच पुढे आले. जुने सभासद गुण साठवून ठेवत आणि नव्याला महिनोन्महिने काही मिळत नसे, म्हणून काही गिल्डांनी दर आठवड्याला शिल्लक गुणांत ठरावीक टक्के घट करण्याचा नियम केला. काहींनी वस्तू घेणाऱ्याचे गुण त्या रात्री हजर असलेल्या सर्वांत वाटून एकूण बेरीज स्थिर ठेवली. आणि काहींनी गुण बाजूला ठेवून तीन-चार जाणत्यांची समिती नेमली, जी कोणती वस्तू कोणाकडे गेल्याने संघाचे बळ सर्वाधिक वाढेल ते ठरवते. समितीची पद्धत संघबळाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत कार्यक्षम असते. तरीही ती निवडणाऱ्या गिल्डने प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून ठेवावे असा आग्रह या पुस्तकात धरला आहे, कारण सभासद एखादी वस्तू न मिळाल्यामुळे क्वचितच जातो. ती दुसऱ्याला का मिळाली हे कळले नाही आणि विचारण्याची सोय नव्हती म्हणून तो जातो.

समाजशास्त्रांत या प्रश्नांवर गिल्डांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी विचार झालेला आहे. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये असे दाखवले की सामूहिक कार्याचे फळ सर्वांनाच मिळणार असेल तर मोठ्या गटातील व्यक्तीला स्वतः न झटता ते फळ घेण्याचा मोह होतो, आणि तो टाळण्यासाठी झटणाऱ्यालाच मिळेल असे काही वेगळे ठेवावे लागते. डीकेपी हे अशा निवडक प्रोत्साहनाचे स्वच्छ उदाहरण आहे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढचे दोन मार्ग सांगितले, निघून जाणे आणि आवाज उठवणे, आणि निष्ठा ही पहिला मार्ग लांबणीवर टाकून दुसऱ्याला अवकाश देते असे मांडले. गिल्डमध्ये निघून जाणे इतके स्वस्त असते की आवाज उठवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. नाराज सभासद भांडत नाही, तो एका रात्री दिसेनासा होतो आणि त्याच्या नाराजीचे कारण गिल्डला कधीच कळत नाही. म्हणूनच तक्रार ऐकण्याची जागा तक्रार येण्याआधी तयार ठेवावी लागते. पाणी, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे अशी सामायिक साधने लोक स्वतः नियम करून कशी टिकवतात याचा अभ्यास करणाऱ्या, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्या: ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असतो, आणि नियमभंगाची शिक्षा सौम्य सुरू होऊन पायरीपायरीने वाढते. पहिल्याच गैरहजेरीला नाव काढून टाकणारी गिल्ड आणि कितीही गैरहजेरी झाली तरी काहीच न बोलणारी गिल्ड, या दोन्ही या कसोटीला उतरत नाहीत. पहिल्या वेळी विचारपूस, पुढे काही आठवडे राखीव जागा, आणि मगच पुढचा विचार, हा क्रम बहुतेक टिकाऊ गिल्डांत आढळतो.

खेळाच्या निर्मात्यांनी केलेल्या बदलांपैकी दोन बदल या पुस्तकाच्या भूमिकेशी थेट निगडित आहेत. डिसेंबर २००९ मध्ये ‘डंजन फाइंडर’ ही सोय आली. तोपर्यंत पाच जणांच्या छोट्या मोहिमेसाठीही माणसे स्वतः शोधावी लागत, ती आपल्याच सर्व्हरवरची, म्हणजे खेळजगाच्या त्याच प्रतीतील असत, आणि त्यामुळे कोण भरवशाचा व कोण अर्ध्यात सोडून जाणारा याची कीर्ती पसरत असे. नव्या सोयीने वेगवेगळ्या सर्व्हरांवरील पाच अनोळखी खेळाडू आपोआप एकत्र आणले, ज्यांची मोहीम संपल्यावर पुन्हा भेट होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. २०११ मध्ये रेडसाठीही अशीच सोय झाली. ज्याला आठवड्यात एकच मोकळी संध्याकाळ मिळते त्याच्यासाठी हा मोठाच दिलासा होता, आणि केवळ गिल्डा टिकाव्यात म्हणून त्याला तो नाकारणे न्याय्य ठरले नसते. परंतु गिल्डची गरज त्यामुळे घटली हेही तितकेच खरे आहे. दुसरा बदल उलट दिशेचा होता. डिसेंबर २०१० मध्ये गिल्डला ‘पातळी’ दिली गेली; सभासदांच्या खेळाने ती पंचवीसपर्यंत वाढे आणि तिच्याबरोबर सर्वांना काही सवलती मिळत, तर गिल्ड सोडणाऱ्याला तिच्यात कमावलेली वैयक्तिक पत गमवावी लागे. परिणामी लोक गिल्ड सोडताना कचरू लागले खरे, पण सवलतींसाठी वाटेल त्याला सभासद करून घेणाऱ्या, शेकडो अनोळखी नावांच्या गिल्डाही माजल्या, ज्यांत कोणी कोणाशी बोलत नसे. २०१४ मध्ये ही पातळीची व्यवस्था रद्द झाली. सवलतींनी नाव यादीत राखले, खेळाडूला खेळात राखले नाही.

तथापि सहभागाची व्याख्या केवळ मोहिमेतील उपस्थितीवर बेतणे अपुरे आहे. पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील निकोलस ड्यूशनो, निक यी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या सर्व्हरांवरील नोंदी गोळा करून असे दाखवले की या खेळातील खेळाडू आपला बराच वेळ एकट्याने खेळण्यात घालवतात, इतर माणसे त्यांना प्रेक्षक म्हणून आणि आसपासची वर्दळ म्हणून हवी असतात. त्याच वर्षी कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर व दिमित्री विल्यम्स यांनी अशा खेळजगांची तुलना रे ओल्डनबर्ग यांच्या ‘तिसऱ्या जागे’शी केली. घर आणि कामाचे ठिकाण यांपलीकडची, जिथे कोणत्याही उद्देशाविना जाऊन बसता येते अशी जागा, हा त्या संज्ञेचा अर्थ आहे, आणि गावच्या पाराची ओळख असलेल्या मराठी वाचकाला तो अधिक समजावून देण्याची गरज नाही. खेळातल्या तळ्याकाठी शांतपणे मासे पकडत बसलेला, मोहिमेला कधी न येणारा, पण रोज रात्री गिल्डच्या संभाषणात दोन शब्द बोलणारा सभासद हा निष्क्रिय सभासद नव्हे. त्याला यादीतून काढून टाकणारी गिल्ड स्वतःचे नुकसान करते, कारण मोहीम नसलेल्या रात्री आलेल्या माणसाला कोणीतरी भेटते ते त्याच्यामुळे.

मात्स स्टेन या नॉर्वेजियन तरुणाची हकीकत या संदर्भात टाळता येत नाही. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजाराने त्याचे शरीर जखडले होते, आणि तो एकाकी आयुष्य जगला असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. ती बातमी त्यांनी इंटरनेटवर कळवली तेव्हा युरोपच्या निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. ‘आयबेलिन’ या नावाने तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डचा सभासद होता आणि तिथे त्याने अनेकांची दुःखे ऐकून घेतली होती, काहींचे घरचे तुटलेले संवाद जुळवले होते. गिल्डमधील काही जण अंत्यसंस्कारालाही आले. बेन्यामिन रे यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. ‘स्टारलाइट’मध्ये त्याची गरज होती ती टँक किंवा हीलर म्हणून नव्हे, आणि गरज या शब्दाचा जो अर्थ या पुस्तकात अभिप्रेत आहे त्यात हीदेखील येते.

हे सारे ज्याच्या श्रमांवर चालते तो गिल्डप्रमुख हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. वेळापत्रक लावणे, कोण येणार याची आदल्या दिवशी खात्री करणे, लुटीचा हिशेब ठेवणे, दोघांतले भांडण रात्री बारानंतर खासगीत ऐकणे, नवागताला मोहिमेचे डावपेच समजावणे, ही कामे कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाहीत. खेळात दिनदर्शिकेची सोय २००८ मध्ये आली आणि बोलण्यासाठी, निरोप ठेवण्यासाठी ‘डिस्कॉर्ड’सारखे साधन २०१५ मध्ये उपलब्ध झाले, त्याआधी हे सगळे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असे. साधने सुधारली, पण कंटाळलेल्या प्रमुखाची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न तसाच राहिला. मार्क चेन यांनी ‘लीट नूब्स’ या ग्रंथात एका रेडगटाचा उदय आणि विघटन आतून नोंदवले आहे, आणि मैत्रीखातर जमलेला गट यशाच्या मागे लागला की त्याच्या सभासदांच्या अपेक्षा कशा फाकत जातात हे त्यातून समजते. बहुतेक गिल्डा सभासद कंटाळल्यामुळे मोडतात असे मानले जाते. प्रत्यक्षात प्रमुख थकतो, मोहिमा अनियमित होतात आणि त्यानंतर सभासद कंटाळतात. म्हणून अधिकाराची वाटणी आणि ठरावीक काळाने होणारा पदबदल यांना या पुस्तकात भरतीपेक्षा अधिक पाने दिली आहेत. कोठाराच्या चाव्या, परवलीचे शब्द आणि हिशेबाची वही दुसऱ्या एका तरी माणसाकडे असली पाहिजे, आणि प्रमुखाला दोन महिने विश्रांती घेताना अपराधी वाटू नये अशी व्यवस्था असली पाहिजे.

भारतात, आणि म्हणून मराठी खेळाडूंतही, अशा संघांचा अनुभव संगणकापेक्षा मोबाइलवर अधिक आला. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा २०१२ मध्ये आलेला ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आणि २०२१ मध्ये भारतासाठी स्वतंत्रपणे आणलेला ‘बीजीएमआय’ हे त्यांतले ठळक खेळ. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये क्लॅनला पन्नास सभासदांची मर्यादा आहे, सभासद एकमेकांना सैन्य दान करतात, आणि २०१४ पासून दोन क्लॅनांत युद्ध होते, ज्यात एक दिवस तयारीचा आणि एक दिवस हल्ल्याचा असून प्रत्येकाला दोन हल्ले करता येतात. इथे सर्वांना एकाच वेळी जमावे लागत नाही. चोवीस तासांत केव्हाही आपले दोन हल्ले केले की काम झाले. परंतु ज्याने हल्ला केलाच नाही त्याचे नाव युद्ध संपल्यावर सर्वांना दिसते आणि पराभवाचा राग त्याच्यावर निघतो. निर्मात्यांनी पुढे एक छोटी सोय दिली: आपण या युद्धात नाही असे सभासदाला आधीच खूण करून सांगता येते. सहभाग टिकवण्याच्या दृष्टीने ही सोय कोणत्याही बक्षिसापेक्षा मोलाची आहे, कारण येऊ न शकणाऱ्याला अपमानाविना बाजूला राहता येते आणि मोकळा झाल्यावर परतही येता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असताना विद्यार्थी सभासदांना ती खूण लावायला सांगणे, हे क्लॅन चालवणाऱ्या मोठ्या माणसाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

याच ठिकाणी एका धोक्याचा स्पष्ट उल्लेख करणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अंमलात आली तिच्यात खेळावरचे नियंत्रण सुटण्याच्या विकाराला स्थान आहे, आणि गिल्डमधील बांधिलकी, जिची या पुस्तकात सर्वत्र बाजू घेतली आहे, ती अशा अवस्थेतील माणसाला आणखी खोल ओढू शकते. आपल्यावाचून चाळीस जणांची रात्र वाया जाईल या जाणिवेने माणूस आजारपणातही संगणकापुढे बसतो. त्यामुळे ज्या उपायांनी उपस्थिती वाढते पण रजा घेणे कठीण होते, ते या पुस्तकात नोंदवले असले तरी त्यांची शिफारस केलेली नाही. चौकशी आणि जाब यांतला फरक अधिकाऱ्याला कळला पाहिजे. आजारी सभासदाला कसा आहेस असे विचारणे आणि का आला नाहीस असे विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली विचारणा ज्या गिल्डमध्ये आपसूक होते तिथे दुसरीची वेळ सहसा येत नाही.

अखेरीस वाचकांकडे एक मागणे. गिल्डांचा इतिहास फार लवकर पुसला जातो: सर्व्हर बंद होतो, फुकट मिळालेल्या जागेवरील संकेतस्थळ नाहीसे होते, फोन बदलला की व्हॉट्सॲपवरील क्लॅनचे जुने संभाषण जाते, आणि पाच वर्षे चाललेल्या संघाची उपस्थितीची नोंद, लुटीचा हिशेब आणि वादांचे निवाडे यांतले काहीच उरत नाही. ज्या मराठी वाचकांनी असा संघ चालवला असेल किंवा चालवत असतील, त्यांनी आपल्या सभासदांना विचारून, त्यांची खरी नावे वगळून, या नोंदींची एक प्रत आजच वेगळी काढून ठेवावी.